घरी बिअर बनवणाऱ्यांचा स्टँड : कमी खर्चात कसा बांधतात आणि पैसे कुठे वाचवू नयेत?

यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर 'होमब्रूइंग'चे व्हिडीओ बघितले की एक दृश्य हमखास दिसतं. अमेरिकेतल्या एखाद्या घराचं अंगण, त्यात स्टीलचा चकचकीत तीन मजली सांगाडा, प्रत्येक मजल्यावर एक भलंमोठं पातेलं आणि खाली धडधडणारी गॅसची शेगडी. या सांगाड्याला 'ब्रू स्टँड' म्हणतात. पातेली, पंप आणि शेगड्यांसकट तयार घ्यायला गेलं तर बिल हजारो डॉलरवर जातं. म्हणून अनेक हौशी लोक हा स्टँड स्वतःच बांधतात.

आता हा स्टँड पेलतो काय, तर २५-३० लिटर उकळतं, साखरेमुळे चिकट झालेलं पाणी. स्टँड डगमगला तर नुसती बिअर सांडत नाही, माणूस भाजतो. त्यामुळे 'स्वस्तात स्टँड' या प्रश्नाचं खरं उत्तर लोखंड कुठून घ्यायचं हे नाहीच. उंचावर काय ठेवायचं आणि आग कुठे ठेवायची, हे आधी ठरवावं लागतं. ते नीट ठरलं की खर्च आपोआप कमी होतो.

हे सगळं कायदेशीर आहे का?

अमेरिकेत आहे, पण तिथेही ते फार जुनं नाही. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन बनवायला मुभा मिळाली, घरची बिअर मात्र बेकायदाच राहिली. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती वापरासाठी बिअर बनवणं संघराज्याच्या पातळीवर मोकळं झालं. मर्यादा अशी, की घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. ही बिअर विकता येत नाही. शेवटचा शब्द मात्र राज्यांचा असतो. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, तो परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतो. 'फक्त घरी पिण्यापुरती' अशी सूट त्यात नाही. पुण्या-मुंबईत दिसणाऱ्या मायक्रोब्रुअरीज परवाना घेऊन चालतात. गोव्यातही मद्य बनवायला परवाना लागतो. त्यामुळे पुढची माहिती, जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या वाचकांच्या उपयोगाची आहे. मग ते मिशिगनमध्ये राहणारं मराठी कुटुंब असो किंवा मँचेस्टरमधलं.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. बिअर आंबवून बनते. दारू गाळणं हा वेगळा प्रकार आहे आणि १९७८ च्या कायद्यातली सूट त्याला लागू नाही.

स्टँड लागतोच कशाला?

त्यासाठी बिअर कशी बनते ते थोडक्यात बघू. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतं. हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवतात. या वेळात धान्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. मग ते गोड पाणी निथळून घेतात. चोथ्यात अडकलेली साखर निघावी म्हणून त्यावर आणखी गरम पाणी घालतात. या गोड पाण्याला 'वर्ट' म्हणतात. ते हॉप्स घालून साधारण तासभर उकळतात, झटपट गार करतात आणि त्यात यीस्ट घालतात.

म्हणजे कामं तीन झाली. पाणी तापवणं, धान्य मुरवणं आणि वर्ट उकळणं. पारंपरिक पद्धतीत तिन्हींसाठी वेगळी भांडी असतात. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात आपोआप उतरावं म्हणून ती एकाखाली एक ठेवतात. वर गरम पाणी, मध्ये धान्य, खाली उकळण्याचं पातेलं. तीन मजली स्टँडमागचं गणित इतकंच आहे. पंपाचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं.

वजन किती येतं?

घरगुती बिअरचा नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा असतो. मध्यम कडक बिअरसाठी साधारण हिशोब असा :

- भरडलेलं माल्ट : सुमारे ४.५ किलो
- मुरवायला लागणारं पाणी : सुमारे १४ लिटर
- चोथा धुवायला लागणारं पाणी : सुमारे १५ लिटर
- चोथा पिऊन टाकतो ते पाणी : सुमारे ४.५ लिटर
- उकळायच्या पातेल्यात येणारं वर्ट : सुमारे २५ लिटर

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. त्यामुळे भांड्यासकट मुरवण्याचं भांडं ३० किलोपर्यंत जातं आणि उकळण्याचं पातेलंही तेवढंच. वर गरम पाण्याचं भांडं ठेवलं तर आणखी २० किलो. म्हणजे छोट्या घाण्यालाही स्टँडवर एकूण ८० किलोच्या आसपास भार येतो.

काही जण रिकाम्या बिअर केगची झाकणं कापून त्यांची पातेली करतात. अमेरिकेतला मोठा केग १५.५ गॅलनचा, म्हणजे ५८.७ लिटरचा असतो आणि रिकामाच साधारण १३-१४ किलो भरतो. असे तीन केग काठोकाठ भरले तर भार २०० किलोच्या पुढे जातो. म्हणून स्टँड आज करायच्या घाण्यासाठी बांधायचा नसतो. भांडी पूर्ण भरली तर जे वजन येईल ते धरायचं आणि त्याच्या दुप्पट पेलेल असा सांगाडा करायचा.

उंचीचं गणित

शेगडी जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटर उंच असते. तिच्यावरचं पातेलं ४० सेंटिमीटरचं धरलं तर त्याचा काठ ७५ सेंटिमीटरवर आला. धान्याच्या भांड्याची तोटी या काठाच्या वर हवी, म्हणून मधली फळी ८५ सेंटिमीटरवर. त्यावर ४०-५० सेंटिमीटरचं भांडं आणि त्याच्याही वर तिसरी फळी. म्हणजे सगळ्यात वरच्या भांड्याचा काठ १७५ ते १८० सेंटिमीटरवर जातो.

ही जवळपास सहा फुटांची उंची झाली. पाणी किती उरलंय, किती तापलंय हे बघायला स्टुलावर चढावं लागतं. तिथे असतं ७५-८० अंशांचं पाणी, तेही चेहऱ्याच्या पातळीवर. बहुतेक स्टँडमध्ये त्या मजल्यावरही शेगडी असते, म्हणजे गॅसची नळीही तिथवर जाते. स्टँड जितका उंच, तितकं खालचं बूड रुंद लागतं, लोखंड जास्त लागतं आणि वेल्डिंगही. खर्च आणि धोका दोन्ही याच तिसऱ्या मजल्यातून येतात.

मग पर्याय काय आहेत?

एक मजला आणि पंप : तिन्ही भांडी एकाच उंचीवर ठेवायची आणि पाणी पंपाने फिरवायचं. अमेरिकेतल्या हौशी मंडळींमध्ये 'ब्रूटस टेन' नावाचा असा आराखडा खूप गाजला. यात उंचीचा धोका जातो. पण उकळतं पाणी सोसणारा, खाद्यपदार्थांना चालणारा पंप लागतो आणि तो एकटाच साध्या लाकडी स्टँडपेक्षा महाग पडतो. हे पंप सहसा स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत. त्यामुळे पंप भांड्याच्या खालच्या पातळीवर बसवावा लागतो. पाण्याजवळ वीज आली, म्हणजे गळती होताच प्रवाह तोडणारा सॉकेटही आला.

दोन पायऱ्या आणि आइसबॉक्स : कमी बजेटसाठी हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. सहलीला थंड पेयं नेतात तो जाड भिंतींचा आइसबॉक्स धान्य मुरवायला वापरायचा. जो बॉक्स बर्फ वितळू देत नाही, तो गरम पाण्याची उष्णताही तासभर धरून ठेवतो. त्यामुळे धान्याच्या भांड्याखाली शेगडी लागतच नाही. तळाशी गाळणीसाठी स्टीलची जाळीदार नळी आणि बाहेर एक तोटी बसवली की काम झालं. ऑरेगॉनचे होमब्रुअर आणि लेखक डेनी कॉन यांनी ही स्वस्त पद्धत अमेरिकेत लोकप्रिय केली.

यातच तिसरा मजलाही वाचतो. वरून संथ धारेने पाणी सोडत बसायच्या ऐवजी पहिलं वर्ट पूर्ण काढून घेतात, मग चोथ्यावर सगळं गरम पाणी ओततात, ढवळतात आणि पुन्हा काढतात. पाणी सतत उंचावरून पडायची गरज नसल्याने गरम पाण्याचं भांडं वर चढवावं लागत नाही.

शेगडी एकच असेल तर क्रम असा ठेवतात. पहिलं पाणी पातेल्यात तापवून, शेगडी बंद करून, दोन लिटरच्या मगाने आइसबॉक्समध्ये घालायचं. धान्य मुरत असताना त्याच पातेल्यात दुसरं पाणी तापवायचं. पहिलं वर्ट खाद्यपदार्थांसाठीच्या, उष्णता सोसणाऱ्या बादलीत काढून ठेवायचं. दुसरं पाणी मगाने बॉक्समध्ये घातलं की पातेलं रिकामं होतं. मग बादलीतलं वर्ट पातेल्यात ओतायचं आणि उरलेलं नळीने त्यातच उतरवायचं. आइसबॉक्सचा काठ छातीच्या उंचीवर असल्याने स्टुलावर चढायचा प्रश्न येत नाही. पूर्ण भरलेलं भांडं तर कुणीच उचलत नाही.

आता स्टँड म्हणून जे उरतं ते एक भक्कम टेबल. त्यावर आग नाही, म्हणून ते लाकडाचं चालतं. शेगडी जमिनीवर, स्वतःच्या पायांवर.

हे टेबल कसं बांधतात?

अमेरिकेत घरबांधणीत वापरतात ते 'टू बाय फोर' लाकूड सगळ्यात स्वस्त पडतं. नाव २ बाय ४ इंच असलं तरी रंधून सुकवल्यावर ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. मापं घेताना हा फरक न धरल्यामुळे पहिलं टेबल हमखास वाकडं होतं. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या टेबलाला आठ फुटी पाच लाकडं आणि १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा एक तुकडा पुरतो. एखादा तुकडा चुकीचा कापला गेला तरी.

बांधताना चार गोष्टी बघाव्या लागतात.

१. वजन लाकडावर बसलं पाहिजे. आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूला नुसत्या स्क्रूने अडकवल्या तर सगळा भार स्क्रूवर लटकतो. पट्ट्या पायांच्या डोक्यावर टेकवायच्या किंवा पायाला खाच पाडून तिच्यात बसवायच्या. स्क्रूचं काम फक्त जागेवर धरून ठेवण्याचं.

२. तिरकी पट्टी हवीच. चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या एवढ्यावरच थांबलं तर टेबल सरळ वजन पेलतं, पण बाजूने धक्का दिला की खिळखिळ्या खाटेसारखं डोलतं. मागच्या आणि एका बाजूच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी मारली की हे डोलणं थांबतं.

३. गुण्या आणि लेव्हल. कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्याने बघायचं आणि फळी समतल आहे का ते स्पिरिट लेव्हलने. अंगणात उतार असतो, त्यामुळे तपासणी जिथे टेबल ठेवायचं तिथेच करायची. आइसबॉक्स तोटीच्या बाजूला किंचित कललेला चालतो, टेबल कललेलं चालत नाही.

४. फळीला कडा. प्लायवुडच्या चारही बाजूंना एक इंच उंचीची पट्टी मारली तर ओला आइसबॉक्स घसरत नाही. लाकडाला बाहेरच्या वापराचं वॉर्निश मारलं की पाणी सांडल्यावर ते फुगत नाही.

लाकूड नको असेल तर भोकांचे लोखंडी अँगल मिळतात. आपल्याकडे सरकारी कचेरीत फायलींच्या रॅकला असतात तसेच. नट-बोल्टने जोडायचे, वेल्डिंग लागत नाही आणि उंची नंतर बदलता येते. काही जण जुन्या पलंगांचे अँगल भंगारातून उचलतात. ते स्वस्त असतात, पण लोखंड इतकं कडक असतं की साधे ड्रिल बिट लगेच बोथट होतात. तयार स्टीलचे रॅक वापरायचे तर एक सूचना वाचायला हवी. त्यावर लिहिलेली क्षमता वजन फळीभर सारखं पसरलेलं असेल तेव्हाची असते. खाली चाकं लावली की ती आणखी कमी होते.

पैसे कुठे वाचवू नयेत?

शेगडी : थँक्सगिव्हिंगला आख्खी टर्की तळायचे प्रोपेन शेगडीचे सेट अमेरिकेत मिळतात. सण सरला की ते स्वस्त होतात आणि वापरलेलेही विकायला येतात. त्यातली शेगडी चालते, पण पाय बघून घ्यायचे. तीन बारीक, उंच पायांची शेगडी ३० किलोच्या पातेल्याला पुरेशी नाही. चार रुंद, वेल्ड केलेले पाय हवेत. सेटसोबतचं पातेलं बरेचदा ३० क्वार्टचं, म्हणजे २८ लिटरचं असतं. त्यात २५ लिटर वर्ट उकळायला ठेवलं तर फेस उतू जाण्याचीच शक्यता जास्त. पातेलं निदान ३५-३८ लिटरचं घ्यावं.

मोकळी हवा : प्रोपेनची मोठी शेगडी घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये पेटवायची नाही. गॅरेजचं शटर उघडं असलं तरी नाही. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे महाराष्ट्रात जे मृत्यू होतात त्यामागे हाच वायू असतो. शिवाय प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचून राहतो.

गॅल्व्हनाइज्ड लोखंड : गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेले पाइप स्वस्त आणि दिसायला छान असतात. पण वेल्डिंग करताना किंवा ज्वाळेच्या अगदी जवळ हा थर जळतो आणि त्याचा धूर छातीत गेला तर ताप, थंडी, मळमळ होते. आगीच्या जवळच्या भागात साधं काळं लोखंड आणि त्यावर उष्णता सोसणारा रंग वापरतात.

नळ्या : साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी गरम वर्टने मऊ पडते आणि जोडातून निसटते. सिलिकॉनची नळी थोडी महाग असते, पण निसटलेली नळी म्हणजे थेट पायावर गरम पाणी. म्हणून सिलिकॉनच घ्यायची आणि तीही क्लिप लावून.

केग : दुकानात डिपॉझिट भरून आणलेला केग आपला होत नाही, तो ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो. तो कापणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू कापणं. केग वापरायचाच तर कायदेशीररीत्या विकलेला घ्यायचा आणि कापण्याआधी त्यातला दाब पूर्ण सोडून द्यायचा.

पहिली चाचणी साध्या पाण्याने

टेबल तयार झालं की लगेच बिअर करायला घेऊ नये. आइसबॉक्स गार पाण्याने काठोकाठ भरायचा. १० गॅलनचा असेल तर हे वजन प्रत्यक्ष घाण्यापेक्षा जास्तच होतं. तासभर तसाच ठेवायचा, जोड बघायचे, फळी मध्ये वाकते का ते बघायचं आणि वरच्या कोपऱ्याला हाताने हलका धक्का द्यायचा. टेबल डोललं तर आणखी एक तिरकी पट्टी. मग तोटी उघडून पाणी नळीतून पातेल्यात नीट उतरतं का ते पाहायचं. काही चुकलंच तर अंगावर गार पाणी पडेल, एवढंच.

प्रत्यक्ष दिवशी वर्ट उतरत असताना शेगडी बंद ठेवायची. सगळं उतरलं की नळी काढून टेबल बाजूला सरकवायचं, शेगडीच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर राखायचं आणि मगच आग लावायची. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब, पायात बंद बूट आणि जवळ अग्निशामक. उकळी फुटण्याच्या वेळी फेस झपाट्याने वर येतो, त्या दहा मिनिटांत पातेल्यासमोरून हलायचं नाही.

स्टँडशिवाय जमत नाही का?

जमतं. ऑस्ट्रेलियातल्या होमब्रुअर्सनी रुळवलेल्या 'ब्रू इन अ बॅग' पद्धतीत धान्य मोठ्या जाळीदार कापडी पिशवीत घालून एकाच पातेल्यात मुरवतात, मग पिशवी उचलून निथळतात आणि त्याच पातेल्यात वर्ट उकळतात. एक पातेलं, एक शेगडी. ओली पिशवी ९-१० किलोची आणि गरम असते, तिला टांगायला आधार लागतो, एवढीच काय ती अडचण. पहिले दोन-चार घाणे असे करून बघितले तर आपल्याला मोठ्या सामानाची गरज आहे का, हेही कळतं.

थोडक्यात

- महाराष्ट्रात आणि गोव्यात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही. अमेरिकेत राज्याचा कायदा आधी तपासावा.
- तीन मजली स्टँड दिसायला भारी, पण खर्च आणि धोका दोन्ही वरच्या मजल्यात आहेत.
- धान्य आइसबॉक्समध्ये मुरवलं तर आग जमिनीवर राहते आणि ८५ सेंटिमीटरचं लाकडी टेबल पुरतं.
- बचत लाकडात आणि उंचीत करावी. शेगडी, नळ्या आणि मोकळी हवा यांत करू नये.
- पहिली परीक्षा गार पाण्याने घ्यावी.